पर्वतीय कुरणांतील आक्रमक तणांचे स्वयंसेवी निर्मूलन
डोंगरमाथ्यावरील नैसर्गिक कुरणांत बाहेरून येऊन फैलावलेली तणे स्वयंसेवकांनी बहुधा हाताने उपटून काढण्याची प्रथा. तिचे एक सूत्रबद्ध रूप साधारण १९६० च्या दशकातले असून त्याचे श्रेय सामान्यतः सिडनीच्या जोन व आयलीन ब्रॅडली या बहिणींना देतात. कमी बाधित भाग आधी साफ करायचा, माती शक्य तितकी कमी उकरायची आणि स्थानिक वनस्पती जागा भरून काढतील त्याच वेगाने पुढे सरकायचे, हे त्यांचे सूत्र. ते शहरालगतच्या रानासाठी होते. उंचावरच्या कुरणात वाढीचा हंगाम आखूड असल्याने हा वेग आणखी मंदावतो.

उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत ठिपकेदार नॅपवीड हे मुख्य लक्ष्य. मूळची यूरोपीय असलेली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोहोचली, बहुधा लसूणघासाच्या बियाण्यातून. काहींच्या मते जहाजांच्या भारमातीतून, म्हणजे तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या मातीतून. दोन्ही मार्ग संभवतात. यूरोपात तिचे द्विगुणित (पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असलेले) व चतुर्गुणित (चार संच असलेले) असे दोन्ही प्रकार आढळतात, तर अमेरिकेत जवळजवळ सर्वत्र चतुर्गुणितच पसरला आहे. तिच्या मुळांतून स्रवणारे कॅटेचिन हे रसायन शेजारच्या वनस्पती मारते, असे २००३ मध्ये मांडले गेले. तसे असते, तर तण उपटल्यावरही माती काही काळ बाधित राहिली असती. मात्र इतरांना मातीत तेवढे कॅटेचिन सापडले नाही आणि मूळ शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. त्यामुळे हिच्या यशाचे कारण विषापेक्षा विपुल बीजोत्पादनात आणि मूळच्या कीटकशत्रूंच्या अभावात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

उपटणी पावसानंतर, माती ओली असताना व बी धरण्यापूर्वी करतात. पानांच्या चक्राखाली बुंध्याशी पकड धरून सावकाश ओढल्यास सोटमूळ अखंड निघते. त्याचा माथा मातीत तुटून राहिला, तर पुन्हा फुटवे येतात. फुलोरा आलेली रोपे पिशवीत भरून खाली नेतात. बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहत असल्याने त्याच जागी दरवर्षी फेरी आवश्यक ठरते.

उपटणी सर्वत्र चालत नाही. ऑस्ट्रेलियातील कॉझिस्को राष्ट्रीय उद्यानात नारिंगी हॉकवीडसाठी स्वयंसेवक रांगेने चालत केवळ रोपे हुडकतात. हे तण भूस्तारींनीही (जमिनीवर पसरून मुळे धरणाऱ्या खोडांनी) वाढते आणि तुटलेल्या तुकड्यांतून पुन्हा उगवू शकते. म्हणून तेथे प्रायः तणनाशक वापरतात.