चेताजन्य पारपटल-वेदना आणि प्रतिकारसंस्थेवर आधारित उपचार

कॉर्नियातील म्हणजेच पारपटलातील मज्जातंतू इजेमुळे किंवा दाहामुळे बिघडले की डोळा महिनोन्‌महिने दुखत राहतो. या दुखण्याला चेताजन्य पारपटल-वेदना म्हणतात. डोळ्यात खुपते, आग होते, पंख्याचा वारा आणि साधा उजेडही सोसवत नाही. स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र डोळा जवळजवळ स्वच्छ दिसतो. म्हणून अशा रुग्णांची ‘कोरडेपणा आहे, थेंब घाला’ एवढ्यावर बोळवण होत आली आहे आणि हा त्यांच्यावर अन्यायच आहे. हे वेगळे दुखणे आहे, असे बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ पेरी रोझेन्थल यांनी ठामपणे मांडले.

निरोगी पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, पण मज्जातंतूंची दाटी त्वचेपेक्षा कितीतरी पट असते. नागीण, चष्मा घालवण्याची लॅसिक शस्त्रक्रिया किंवा डोळे-तोंड कोरडे पाडणाऱ्या स्योग्रेनसारखा स्वप्रतिरोधी आजार (ज्यात प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर उलटते) यांमुळे हे तंतू दुखावतात. मग प्रतिकारसंस्थेच्या डेंड्रायटिक पेशी तिथे गोळा होतात आणि दाहकारक द्रव्ये सोडतात. तंतू त्याने आणखी हुळहुळे होतात. जिवंत डोळ्यातील पेशी दाखवणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकातून या पेशी, विरळ झालेले तंतू आणि तुटक्या टोकांवरच्या बारीक गाठी प्रत्यक्ष दिसतात.

उपचारापूर्वी एक साधी चाचणी फार मोलाची ठरते. डोळ्यात बधिर करणाऱ्या प्रोपॅराकेनचा थेंब टाकतात. वेदना थांबली तर तिचा उगम डोळ्यात आहे, अर्धवटच कमी झाली किंवा तशीच राहिली तर मेंदूतील वेदनामार्गही बिघडला आहे, असे समजतात. दाह शमवणाऱ्या थेंबांकडून खरी आशा पहिल्या गटालाच असते.

स्टेरॉइडचे थेंब लवकर गुण देतात, पण ते दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. सायक्लोस्पोरिन दाह भडकवणाऱ्या टी-पेशींना (प्रतिकारसंस्थेच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) आवर घालते, तर लिफिटेग्रास्ट त्यांना ऊतींना चिकटू देत नाही. अमेरिकेत ही थेंबांची औषधे अनुक्रमे 2002 आणि 2016 मध्ये मंजूर झाली, तीही कोरड्या डोळ्यांसाठी. वेदनेसाठी त्यांचा वापर डॉक्टरांच्या अनुभवावर चालतो.

सर्वांत लक्षवेधी उपचार रुग्णाच्याच रक्तातून तयार होतो. काढलेले रक्त गोठू देतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर रक्तरस वेगळा करतात आणि त्याचे प्रमाण बहुधा 20 ते 50 टक्के राहील इतका पातळ करून कुप्यांत भरतात. त्यात परिरक्षक म्हणजे टिकवणारे रसायन नसल्याने कुप्या गोठवून ठेवतात आणि वापरातली फ्रिजमध्ये. 1984 मध्ये रॉबर्ट फॉक्स व सहकाऱ्यांनी स्योग्रेनच्या रुग्णांत हे थेंब वापरले. पुढे बॉस्टनमध्ये पेड्राम हमरा यांच्या गटाने चेताजन्य वेदनेत ते दिले, तेव्हा उजेडाचा त्रास कमी झाला आणि तंतू पुन्हा वाढताना दिसले. मात्र असे अभ्यास छोटे आहेत. शिवाय तुलनेसाठी दिलेल्या साध्या कृत्रिम अश्रूंनीही थोडा आराम पडतो, म्हणून औषधाचा गुण नेमका किती हे ठरवणे अवघड जाते.

रक्तरसात चेतावृद्धी घटक (मज्जातंतू वाढवणारे प्रथिन) आणि बाह्यत्वचावृद्धी घटक (पृष्ठभागाच्या पेशी वाढवणारे प्रथिन) दोन्ही असतात. याच घटकांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना 1986 चे नोबेल मिळाले. प्रयोगशाळेत बनवलेला चेतावृद्धी घटक, सेनेगर्मिन, 2018 पासून अमेरिकेत पारपटलाची संवेदना हरवलेल्या आजारासाठी मिळतो. वेदनेच्या रुग्णांत तो जपूनच वापरावा लागतो, कारण त्याचा सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम डोळा दुखणे हाच आहे.