रेकॉर्डिंग संपलं की आधी क्यूची कळ, मग बोर्डाचं बटण

आमच्याकडून रेकॉर्डिंगचा संच बसवून घेतलेली मंडळं, वाचनालयं, शाळा आणि संगीत क्लास यांच्यासाठी

उत्सवाचे दिवस सुरू झाले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडून एकच फोन येतो: ‘फाइल दिसते, साइजही भरपूर आहे, पण उघडत नाही.’ कीर्तन दोन तासांचं, फाइल सात जीबीची, आणि प्लेअर म्हणतो फाइल खराब आहे. अशा वेळी कॅमेरा, केबल, कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड सगळं बहुतेक ठणठणीत असतं. घोटाळा झालेला असतो तो रेकॉर्डिंग बंद करताना. हे पत्रक संगणकाशेजारी चिकटवून ठेवा आणि ऐनवेळी जो पोरगा मशीनवर बसणार असेल त्याला आधी वाचायला द्या.

होतं ते असं. आमच्या संचात रेकॉर्डिंग करतो तो काळ्या विंडोत चालणारा एफएफएमपेग नावाचा प्रोग्राम, आणि त्याने काय करायचं हे आम्ही एका ओळीत लिहून देतो, तीच आज्ञा. आम्ही दिलेली आज्ञा एमकेव्ही प्रकारची व्हिडिओ फाइल तयार करते. कुणीतरी म्हणतं, ‘ही फाइल आमच्या टीव्हीवर लागत नाही.’ मग मंडळातला जाणकार डेस्कटॉपवरची, आज्ञा लिहिलेली आमची फाइल उघडतो, एमकेव्ही खोडून तिथे एमपी४ लिहितो आणि सेव्ह करतो. चाचणीचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग छान होतं. कार्यक्रमाच्या रात्री आरती संपते, मंडपवाला जनरेटर बंद करतो किंवा कुणीतरी एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण दाबतो, आणि संपूर्ण रात्रीचं काम जातं.

एमपी४ मध्ये कुठलं चित्र आणि कुठला आवाज फाइलमध्ये नेमका कुठे आहे, याची एक यादी असते. साध्या पद्धतीने रेकॉर्ड करताना ती यादी मेमरीत तयार होत राहते आणि फाइल बंद करताना शेवटी एकदाच लिहिली जाते. मधेच वीज गेली तर चित्र-आवाज डिस्कवर असतो, पण यादी नसते, आणि यादीशिवाय प्लेअरला त्यातलं काहीच ओळखता येत नाही. एमकेव्ही छोट्या छोट्या तुकड्यांत लिहिली जाते आणि प्रत्येक तुकडा आपली वेळ स्वतःबरोबर बाळगतो. लाईट गेली तर शेवटचे काही सेकंद जातात, फाइल पुढे-मागे सरकवताना थोडी अडखळते, पण कीर्तन हाताला लागतं. आपल्याकडे लाईट कशी आणि कधी जाते हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात खानापूर भागात काम करणाऱ्याला तर मुळीच नको. म्हणून आम्ही एमकेव्हीवर अडून बसतो.

टीव्हीचा आणि व्हॉट्सॲपचा प्रश्न खरा आहे, आणि त्याची सोय केलेली आहे. डेस्कटॉपवर दुसरं चिन्ह आहे, ‘एमपी४ करा’. रेकॉर्डिंग संपल्यावर एमकेव्ही फाइल उचलून त्या चिन्हावर सोडा. आम्ही चित्र एच २६४ मध्ये आणि आवाज एएसीमध्येच घेतो, हे दोन्ही प्रकार एमपी४ लाही चालतात, त्यामुळे फाइल पुन्हा एन्कोड करावी, म्हणजे चित्र-आवाज नव्याने दाबून बसवावा लागत नाही. आतला माल जसाच्या तसा नव्या डब्यात जातो, दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि तासाभराच्या फाइलला सहसा काही मिनिटंच लागतात. मात्र एक्सप्लोररमध्ये फाइलचं नाव बदलून मागे एमपी४ लावणं म्हणजे रूपांतर नव्हे. एखादा प्लेअर ती चालवेल, तुमचा टीव्ही चालवेलच असं नाही.

आता बंद कसं करायचं. काळ्या विंडोच्या वरच्या पट्टीवर एकदा क्लिक करा आणि क्यू (q) दाबा. लहान क्यू. कॅप्स लॉक चालू असेल तर तो क्यू प्रोग्राम ओळखत नाही. कळफलक मराठी किंवा कन्नडवर राहिला असेल तरी हेच होतं: मराठी इनस्क्रिप्ट कळफलकात त्या कळीवर औकार असतो आणि प्रोग्राम ढिम्म हलत नाही. निमंत्रणपत्रिका टाइप करून तसंच मशीनवर बसणाऱ्यांची हमखास गाठ याच्याशी पडते. मग लोक घाबरून फुलीवर क्लिक करतात. फुलीवर क्लिक केलं की विंडोज प्रोग्रामला आवरायला जेमतेम पाच सेकंद देते. फाइल मोठी आणि पेनड्राइव्ह संथ असेल तर तेवढ्यात काम उरकेलच असं नाही. क्यू चालत नसेल तर कंट्रोल आणि सी एकत्र दाबा. एकदाच. पुन्हापुन्हा दाबलं तर प्रोग्राम काम अर्धवट टाकून बाहेर पडतो. क्यू दाबल्यावर खाली एकूण हिशोबाच्या ओळी येतात आणि शेवटी कुठलीही कळ दाबा असा संदेश येतो. तो संदेश दिसेपर्यंत पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क, बोर्डाचं बटण, कशालाच हात लावू नका.

विंडोच्या मधल्या काळ्या भागावर माऊस क्लिक करू नका हेही सांगून ठेवतो. तिथे मजकूर निवडला गेला की वरच्या पट्टीवर ‘सिलेक्ट’ असा शब्द येतो, ओळी थांबतात आणि थोड्या वेळाने रेकॉर्डिंगही थांबतं. आम्ही संच बसवताना ती सोय बंद करून देतो, पण विंडोज नव्याने टाकलं की ती परत सुरू होते. ‘सिलेक्ट’ दिसलाच तर एस्केप दाबा.

चालू असताना सगळ्यात खालच्या ओळीवर नजर ठेवा. ‘टाइम’ पुढे पळतोय आणि ‘स्पीड’ एकच्या आसपास आहे म्हणजे सगळं सुरळीत. ‘स्पीड’ पॉइंट आठवर (०.८) घसरला आणि तिथेच राहिला तर संगणक दमलाय. मागे चालू असलेला ब्राउझर, झूम वगैरे बंद करा. झूम तर आधीच बंद असायला हवं, कारण एक कॅमेरा दोन प्रोग्रामना एकाच वेळी सहसा मिळत नाही.

‘काळ्या विंडोऐवजी चित्र दिसणारं सॉफ्टवेअर का देत नाही?’ असं बरेचजण विचारतात. मागितलंत तर तेही बसवून देऊ. पण शाळांमधले, वाचनालयांमधले संगणक जुने असतात. पडद्यावर चित्र दाखवण्यात त्यांची ताकद खर्ची पडते. शिवाय माऊसने बदलता येणारी प्रत्येक सेटिंग कुणीतरी बदलतंच. आज्ञेत एकदा लिहिलेलं उपकरणाचं नाव, फ्रेमचा दर आणि आवाजाचा दर तसाच राहतो. गेल्या वर्षी केलं तसंच यंदा होतं.

दुसरा प्रश्न पैशांचा. एफएफएमपेग हा प्रोग्राम फुकट आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतो, आणि तसं आम्ही लपवत नाही. २००० साली फाब्रिस बेलार यांनी तो सुरू केला आणि आज व्हिडिओच्या कितीतरी कामांत तोच वापरला जातो. आम्ही पैसे घेतो ते तुमच्या जागेवर येऊन तुमच्याच आवाजाच्या मिक्सरशी आणि कॅमेऱ्याशी जुळवून देण्याचे. एक उदाहरण देतो. स्वस्त यूएसबी २ कॅप्चर कार्डावर फुल एचडी चित्र कच्च्या स्वरूपात, म्हणजे न दाबता मागितलं तर तीस फ्रेमना सेकंदाला सुमारे १२४ एमबी लागतात, आणि त्या वायरीची कागदावरची मर्यादाच ६० एमबी. मग पाच फ्रेमचं धक्के खाणारं चित्र येतं आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. आज्ञेत एमजेपेग, म्हणजे प्रत्येक फ्रेम दाबून लहान केलेलं चित्र मागितलं की तेच कार्ड नीट चालतं. हा एक शब्द कुठे घालायचा, याचीच आमची मजुरी आहे.

आवाजाचं थोडक्यात: मिक्सरची यूएसबी वायर संच बसवताना ज्या खाचेत होती त्याच खाचेत लावा. वायर लागलेली नसेल तर उपकरण सापडत नाही म्हणून प्रोग्राम सुरूच होणार नाही. हे आम्ही मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर लॅपटॉपच्या माइकने मंडपातला गोंगाट टिपला असता आणि ते घरी गेल्यावर कळलं असतं.

पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला हवा. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. आमच्या सेटिंगला तासाला साधारण ३.६ जीबी लागतात, म्हणजे दुसऱ्या तासाच्या सुरुवातीलाच रेकॉर्डिंग तुटतं. शक्यतो संगणकाच्या डिस्कवरच रेकॉर्ड करा आणि नंतर कॉपी करा.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या किंवा जुन्या नाटकांच्या व्हीएचएस कॅसेट घरात पडून असतील तर त्याही आम्ही उतरवून देतो. पुष्कळ कार्डं मुळात अमेरिकन पद्धतीवर, सेकंदाला जवळपास तीस फ्रेमवर लावलेली येतात. आपल्या कॅसेट पाल पद्धतीच्या, २५ फ्रेमच्या. तो फरक आज्ञेत लिहिला नाही तर चित्र लोळतं किंवा रंग उडतात. घरी करून बघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. कॅसेटला बुरशी दिसली तर मात्र प्लेअरमध्ये घालू नका, तशीच घेऊन या.

आणि एमपी४ गेलीच असेल तर त्या डिस्कवर नवीन काहीही कॉपी करू नका, फॉरमॅटला हो म्हणू नका. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर केलेली दुसरी चांगली फाइल असेल तर तिच्या आधारे यादी पुन्हा बांधता येते. दरवेळी जमतंच असं नाही, वेळ खूप जातो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. फोन करण्याआधी काळ्या विंडोतल्या शेवटच्या ओळींचा फोटो काढून पाठवा. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, आमच्याकडे दोन्ही भाषांत उत्तर मिळेल.