आह्निक (गृहस्थाची दिनचर्या)

आह्निक म्हणजे दिवसभरात करायच्या नित्यकर्मांचा क्रम. ‘अहन्’ म्हणजे दिवस, त्यावरून हा शब्द आला. आह्निक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्नान, संध्या आणि पूजा एवढेच येते. स्मृतिग्रंथांत (आचारधर्म सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत) मात्र कमाई, जेवण, वाचन, भेटीगाठी आणि झोप हेही आह्निकातच मोडते. ती मुळात वेळेची वाटणी आहे, आणि आयुष्याचा भरवसा नाही हे धरूनच ती केलेली आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात मेधावी नावाच्या मुलाचा वडिलांशी संवाद आहे. आधी वेदाभ्यास, मग संसार व पुत्र, शेवटी वनवास असा क्रम वडील सांगतात. मुलगा म्हणतो, उद्याचे काम आज करावे, दुपारचे सकाळी करावे. याचे झाले की राहिले हे मृत्यू पाहत बसत नाही. आह्निकाने या पेचातून वाट काढली ती अशी, की धर्म म्हातारपणासाठी राखून न ठेवता त्याला रोजच्या दिवसात ठरलेली जागा दिली. गीतेच्या 8 व्या अध्यायात (श्लोक 5 ते 7) दुसरे कारण सापडते. अंतकाळी मनात जे येईल तशी गती मिळते आणि मनात तेच येते जे जन्मभर घोळवलेले असते, म्हणून सर्व काळी स्मरण ठेवायचे.

दक्षस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात दिवसाचे आठ भाग केले आहेत. सूर्योदय ते सूर्यास्त हे दिनमान भागिले आठ. दिनमान बारा तासांचे असेल तर एक भाग दीड तासाचा, म्हणजे पावणेचार घटींचा (एक घटी 24 मिनिटांची). मुंबईत हिवाळ्यात दिनमान सुमारे 11 तासांवर येते आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास जाते, त्यामुळे भागही साधारण 82 ते 99 मिनिटांत लहानमोठा होतो.

पहिल्या भागात संध्या, होम, देवपूजा. दुसऱ्यात वेदाभ्यास, आणि समिधा, फुले, दर्भ गोळा करणे. अभ्यास पाच प्रकारचा सांगितला आहे: शिकणे, विचार करणे, आवृत्ती, जप आणि शिष्याला देणे. तिसरा भाग पोष्यवर्गासाठी अर्थार्जनाचा. पोष्यवर्गात आई, वडील, गुरू, पत्नी आणि मुले येतातच, शिवाय दीन, आश्रित, अभ्यागत, अतिथी आणि अग्नीही येतात. चौथ्या भागात माध्यान्ह स्नान, पाचव्यात वैश्वदेव (शिजवलेल्या अन्नाची देवतांना आहुती) व भोजन, सहाव्या-सातव्यात इतिहास-पुराणांचे वाचन, आठव्यात लोकव्यवहार आणि मग सायंसंध्या. रात्रीच्या चार प्रहरांपैकी पहिला आणि शेवटचा अभ्यासाला, मधले दोन, म्हणजे सहा तास, झोपेला.

यात कमाईला आठांतला एकच भाग मिळाला आहे. आज नोकरीत पाच-सहा भाग जातात, म्हणून ही वाटणी जशीच्या तशी पाळता येत नाही, आणि तसा हट्ट धरणाऱ्याचे आह्निक आठवड्यात मोडते. पण कमाई कुणासाठी आणि तिला किती वेळ द्यायचा हे आधीच ठरवून टाकणे हा या वाटणीतला सर्वांत मोलाचा भाग आहे.

पाचव्या भागातल्या जेवणात मृत्यूची आठवण सर्वांत स्पष्ट आहे. वैश्वदेवानंतर गृहस्थाने अंगणात गाय दोहायला लागेल तेवढा वेळ अतिथीची वाट पाहायची. मग पानावर बसून पानाभोवती पाणी फिरवायचे आणि उजव्या बाजूला जमिनीवर भाताची चार-चार शिते ओळीने ठेवायची: चित्र, चित्रगुप्त, यम, यमधर्म आणि सर्व भूते यांच्या नावाने. हीच चित्राहुती. त्यानंतर तळहातावर पाणी घेऊन आपोशन (मंत्र म्हणून ते पिणे) आणि प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच वायूंना पाच लहान घास, म्हणजे प्राणाहुती. यमाचा वाटा काढल्याशिवाय स्वतःच्या प्राणाला पहिला घास मिळत नाही. अनेक घरांत चित्राहुती घालतात, पण ती कुणाच्या नावाने हे मुलांना कुणी सांगत नाही, आणि मग एका पिढीत ती बंद पडते.

चुका बहुधा वेळेच्याच होतात. ब्राह्ममुहूर्त म्हणजे पहाटेचे चार, ही समजूत चुकीची आहे. रात्रिमानाचे पंधरा मुहूर्त करून चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. सूर्योदय साडेसहाला आणि रात्र बारा तासांची असेल तर 4.54 ते 5.42. प्रातःसंध्या तारे दिसत असताना उत्तम, तारे मावळल्यावर मध्यम, सूर्य उगवल्यावर कनिष्ठ. सायंसंध्येचा क्रम उलटा, सूर्य दिसत असताना उत्तम. वेळ टळली तर तीन अर्घ्यांखेरीज (अर्घ्य म्हणजे सूर्याला ओंजळीने द्यायचे पाणी) चौथे प्रायश्चित्तार्घ्य द्यायचे, पण संध्या सोडायची नाही. गायत्रीजप 108 होत नसेल तर 28, तेही नसेल तर 10. संख्या भरण्यासाठी मंत्र गिळण्यापेक्षा दहाच स्पष्ट म्हणावेत. नित्यकर्माने वेगळे पुण्य जोडले जात नाही, ते न केल्याचा दोष मात्र लागतो, असा मीमांसकांकडून (वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पंडितांकडून) आलेला प्रसिद्ध पक्ष आहे. म्हणूनच कमी करण्याची सोय आहे, टाळण्याची नाही.

स्मृतींचे हे आह्निक उपनयन झालेल्या पुरुषासाठी लिहिलेले होते. स्त्रिया आणि शूद्र यांना त्यातले वैदिक कर्म नाकारले होते, आणि ही त्याची मोठी उणीव आहे. वारकरी संप्रदायाने तुळशीची माळ, हरिपाठ, एकादशी आणि नामस्मरण असे सर्वांना खुले असलेले नित्यनेम दिले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 11 व्या दशकातील तिसऱ्या समासात पहाटेचे पाठांतर, स्नान-संध्या, मग ‘संसारधंदा’ आणि जेवणानंतर वाचन-चर्चा असा दिवस आखला आहे. धंद्याला त्यांनी घटिकांची मर्यादा घातली नाही. एकही क्षण रिकामा जाऊ न देणे हे भाग्यवंताचे लक्षण म्हटले.

घरात मृत्यू झाला की आह्निकही बदलते. सपिंडांना (कुळातल्या जवळच्या नातेवाइकांना) दहा दिवस आशौच, म्हणजे सुतक, असते. त्या काळात पूजा, वैश्वदेव आणि ब्रह्मयज्ञ (रोजचे वेदपठण) थांबतात, संध्या मनातल्या मनात करायची आणि अर्घ्य तेवढे द्यायचे. अनेक ठिकाणी सुरुवातीला घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भात आणून देतात. वडील गेले असतील तर बाराव्या दिवशी सपिंडीकरण (मृताला पितरांत सामील करण्याचा विधी) होते, आणि तिथून मुलाच्या तर्पणात (पितरांना पाणी देण्याच्या विधीत) वडील वसुरूपाने, आजोबा रुद्ररूपाने, पणजोबा आदित्यरूपाने येतात. तर्पण तीनच पिढ्यांचे असते. वडील स्वतः ज्या पणजोबांना आदित्यरूपाने पाणी देत असत, त्यांचे नाव मुलाच्या तर्पणात येत नाही.