उठायचं कधी? एका हिशेबाची पार्श्वभूमी

प्राणी खाणं कसं निवडतात, याला नफा-तोट्याचा हिशेब लावायला १९६६ च्या सुमारास सुरुवात झाली. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एरिक पियांका ही त्यातली मोठी नावं. पण मिळत असलेलं सोडून उठायचं कधी, याचं सर्वांत झकास उदाहरण पुरवलं ते पिवळ्या शेणमाशीनं.

इंग्लंडमध्ये जेफ पार्कर या माशांचा अभ्यास करत होते. ताज्या शेणाच्या पोवर माद्या येतात, नर तिथं टपलेलेच असतात. जोडी जमल्यावर नर जितका रेंगाळेल तितकी जास्त अंडी त्याच्या वाट्याला येतात, पण हा लाभ सुरुवातीला भराभर वाढून मग मंदावतो. शिवाय अंडी घालून होईपर्यंत मादीची राखण आणि नंतर नवीचा शोध, यात सुमारे १५६ मिनिटं जातात. सगळं धरून गणितानं मीलनाला ४१ मिनिटं दिली, प्रत्यक्षात नर ३६ मिनिटांच्या आसपास थांबत होते. माशीच्या मानानं हिशेब पक्काच म्हणायचा!

१९७६ मध्ये एरिक चार्नोव्ह यांनी याचा सर्वसाधारण नियम मांडला: सीमांत मूल्य प्रमेय. समोरची मिळकत घटत घटत, जाण्यायेण्याचा वेळ धरून येणाऱ्या एकंदर सरासरीवर आली की निघावं. करवंदाच्या जाळीशी उभं राहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. हाताशी असलेली टपोरी संपली, आता काट्यांत हात घालायचा की पुढची जाळी गाठायची? मेख आहे ती पुढच्या जाळीच्या अंतरात. ती लांब असेल तर इथंच चिकटून राहिलेलं बरं.

१९७७ मध्ये रिचर्ड कावी यांनी हे अंतर मोठ्या खुबीनं 'वाढवलं'. ग्रेट टिट पक्ष्यांसाठी भुश्शाच्या डब्यांत अळ्यांचे तुकडे लपवले आणि डब्यांना कधी सैल, कधी घट्ट झाकणं लावली. डबे होते तिथंच, पण झाकण घट्ट असलं की पक्षी आतला भुस्सा जास्त वेळ उकरत राहिले.

२०११ मध्ये माकडांच्या मेंदूत, पुढच्या सिंग्युलेट भागात, याचा माग लागला. 'थांबू या' असं ठरवताना पेशींची सक्रियता दर खेपेला चढत जाई आणि ठराविक पातळी गाठली की माकड जागा सोडे. जाण्याचा वेळ वाढवला की ही पातळीही वर सरके.

माणसांची परीक्षा जेरेमी वुल्फ यांनी २०१३ मध्ये संगणकाच्या पडद्यावरची फळं तोडायला लावून घेतली. झुडपं सारखी होती तोवर माणसं नियमाला बरीचशी धरून वागली. कमी-जास्त फळांची झुडपं मिसळल्यावर मात्र नियम अपुरा पडू लागला.