पाककला पदवी : खर्च आणि परतावा

पाककला पदवी म्हणजे बारावीनंतर व्यावसायिक स्वयंपाकघर चालवायला शिकवणारा तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम. नागपुरात तिचे हे नाव क्वचितच कुणाच्या तोंडी असते. ‘पोरगा हॉटेल मॅनेजमेंट करून राहिला’ एवढेच घरचे सांगतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. हॉटेल मॅनेजमेंटमध्ये फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस आणि फूड प्रॉडक्शन असे चार विभाग असतात. स्वयंपाकघर हा त्यांतला एक. निव्वळ पाककलेच्या पदवीसाठी घर सोडावे लागते: केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूटची केंद्रे तिरुपती आणि नोएडाला आहेत, मणिपाललाही असा अभ्यासक्रम आहे.

नागपूरच्या विद्यार्थ्यापुढे सहसा दोन वाटा असतात. पहिली बी.एचएम.सी.टी.ची, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट अँड केटरिंग टेक्नॉलॉजीची. ही पदवी चार वर्षांची असून राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो. दुसरी वाट १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेच्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.ची. तिची प्रवेश परीक्षा देशपातळीवरची असते आणि पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. मुंबईत दादरला असलेली १९५४ सालची संस्था याच परिषदेच्या छत्राखाली येते. याखेरीज गल्लोगल्ली दिसणाऱ्या ‘शेफ अकॅडमी’ स्वतःचे प्रमाणपत्र देतात. ती पदवी नव्हे. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी हे दोन्ही आधार मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी असतात, त्यामुळे मान्यता कुणाची हे फीच्या आकड्याआधी पाहावे.

खर्चाचा हिशेब

माहितीपुस्तिकेत फी छापलेली असते, खर्च नसतो. शेफ कोट, चौकड्यांची पँट, ॲप्रन, टोपी, सेफ्टी शूज आणि सुऱ्यांचा संच हे सगळे पहिल्याच महिन्यात लागते. बाहेरगावी राहायचे तर खोली आणि मेस आली. शिवाय इंडस्ट्रियल ट्रेनिंगच्या काही महिन्यांत मुंबई, गोवा किंवा हैदराबादेत राहायचे असते. तेव्हा हॉटेल जो स्टायपेंड देते, त्यात जेवण सुटते, खोली सुटेलच असे नाही.

सगळ्यात मोठा खर्च मात्र कुठल्याच पावतीवर नसतो. याच वयाचा मुलगा एखाद्या केटररकडे हाताखाली महिना १०,००० रुपयांवर लागला असे धरले, तर तीन वर्षांत त्याच्या हाती ३.६ लाख आलेले असतात, आणि चारशे पानांचे जेवण वेळेवर कसे उतरवायचे हेही त्याला कळलेले असते. पदवी घेणाऱ्याच्या खात्यात हीच रक्कम उणे पडते.

कर्ज काढले तर आकडा आणखी बदलतो. समजा, ४ लाखांचे शैक्षणिक कर्ज तीन सारख्या हप्त्यांत उचलले आणि व्याज १० टक्के आहे. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजाने धरले तरी त्या चार वर्षांत सुमारे १.२ लाख चढतात. ५.२ लाखांची फेड सात वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता साधारण ८,६३० रुपये बसतो, आणि एकूण भरणा सव्वासात लाखांपर्यंत जातो. जुनी करप्रणाली निवडली तर आयकरात आठ वर्षांपर्यंत व्याजाची वजावट मिळते. पण पहिल्या नोकरीत करच लागत नसेल, तर वजावट घेऊन करायचे काय?

शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता पगाराला झेपतो का, हा प्रश्न अमेरिकेत सरकारी पातळीवर विचारला गेला. व्यावसायिक अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेल्यांचा वर्षाचा कर्जहप्ता त्यांच्या मिळकतीच्या ८ टक्क्यांत बसतो का, अशी एक कसोटी २०१५ पासून तिथे लागू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘ल कॉर्डों ब्ल्यू’च्या तिथल्या १६ पाककला महाविद्यालयांच्या मालक कंपनीने ती बंद करायचे जाहीर केले आणि या नियमाकडे बोट दाखवले. पॅरिसमधील मूळ संस्था १८९५ सालची. ती चालूच राहिली. कर्जाची मुदत आणि व्याज वेगळे असल्याने ही फूटपट्टी आपल्याकडे जशीच्या तशी लागत नाही, तरी सहज लावून पाहावी: ८,६३० रुपयांचा हप्ता ८ टक्क्यांत बसवायला महिन्याला लाखाच्या वर पगार हवा. नागपुरात नव्याने लागलेल्या शेफकडे एवढा पगार कुणी पाहिलेला नाही.

पदवीतून काय मिळते

मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये उतरंड ठरलेली असते: ट्रेनी, कॉमी (कनिष्ठ स्वयंपाकी) ३, कॉमी २, कॉमी १, मग डेमी शेफ द पार्ती, शेफ द पार्ती, सू शेफ आणि सगळ्यात वर एक्झिक्युटिव्ह शेफ. पदवी हातात असली तरी सुरुवात खालूनच होते. पहिले काही आठवडे कांद्याच्या पोत्याशी जातात. सकाळी सोलायचा, बारीक चिरायचा, हॉटेलपॅनमध्ये भरून तारखेची चिठ्ठी लावून वॉक-इन शीतखोलीत ठेवायचा. दुपारी तीनला ब्रेक, सातला पुन्हा हजर. या ब्रेक शिफ्टमध्ये घर दूर असेल तर मधले चार तास लॉकर रूममध्येच निघतात. बहुतेक गळती इथेच होते, चव किंवा कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे.

मग पदवी देते काय? स्वयंपाक नव्हे, हे माझे मत. भाजी-भाकरीपासून बिर्याणीपर्यंत सगळे आचाऱ्याच्या हाताखाली शिकता येते. कॉलेजात मिळतो तो पदार्थाचा खर्च काढण्याचा हिशेब, स्वच्छतेचे नियम, बेकरीतले मोजमाप, इंग्रजीतले केओटी (किचनमध्ये येणारी ऑर्डरची चिठ्ठी) आणि साखळी हॉटेलांच्या कॅम्पस मुलाखती. ही शिदोरी शिडीच्या पहिल्या पायरीवर फारशी कामी येत नाही. चौथ्या-पाचव्या पायरीवर, जिथे पातेल्यापेक्षा फूड कॉस्टची शीट जास्त हाताळावी लागते, तिथे तिचा उपयोग दिसू लागतो. म्हणजे परतावा आहे, पण उशिरा. हप्ता मात्र आधीच सुरू झालेला असतो.

नागपूरचा बाजार

या शहराची खाद्यकीर्ती ज्यांनी उभी केली, त्यांच्याकडे पदवी नव्हती. सावजी रस्सा हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला. हातमागाचा धंदा बसत गेला तसा घरातला मसाला भोजनालयात आला. जवसाच्या तेलात परतलेला तो मसाला आजही घरातच शिकवला जातो. लग्नाच्या हंगामात वडाभात, पाटोडी रस्सा आणि सांबारवडी करणारे आचारी कंत्राटावर काम घेतात; त्यांना प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुस्तकातला सांबार शिकून आलेला ट्रेनी सांबारवडीची ऑर्डर ऐकून डाळ भिजवायला निघाला, तर दोष पोराचा नाही.) २०१७ मध्ये नागपुरात सलग पन्नास तासांवर स्वयंपाक करून गाजलेले विष्णू मनोहर किंवा दिल्लीच्या पुसा येथील संस्थेत शिकलेले संजीव कपूर यांची उदाहरणे पालक हटकून देतात. अपवादांवरून परतावा काढता येत नाही.

पदवी विचारणाऱ्या जागा शहरात आहेत, पण मोजक्या: वर्धा रोडवरची तारांकित हॉटेले, विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्राच्या आसपासची मोठी कॅन्टीन आणि ताडोबा-पेंचभोवतीचे रिसॉर्ट. रिसॉर्टमध्ये राहणे-खाणे मिळते, त्यामुळे पगार शिल्लक पडतो. मात्र १ जुलै ते ३० सप्टेंबर जंगलाचा गाभा पर्यटकांना बंद असतो आणि गर्दी ओसरते. करारात या तीन महिन्यांचे काय लिहिले आहे, ते सही करण्याआधी वाचावे.

कागदाशिवाय दार उघडत नाही अशाही काही नोकऱ्या आहेत. आयआरसीटीसीतील हॉस्पिटॅलिटी मॉनिटरची (रेल्वेतल्या खानपानावर देखरेख करणाऱ्याची) कंत्राटी जागा, हॉटेल मॅनेजमेंट संस्थांतील अध्यापन, परदेशी हॉटेलांचे वर्क व्हिसा. क्रूझ जहाजावर पदवीइतकाच अनुभव पाहतात. शिवाय एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय सागरी नियमावलीतले सुरक्षा प्रशिक्षण आणि बहुधा जहाज कर्मचाऱ्यांसाठीचा अमेरिकेचा सी-१/डी व्हिसा लागतो. भरती करणारा एजंट नौवहन महासंचालनालयाकडे (डीजी शिपिंग) नोंदलेला नसेल, तर त्याच्या नादी लागू नये. एकंदरीत नागपुरातच राहायचे ठरलेल्याला कर्ज काढून घेतलेली पदवी महाग पडते. बाहेर पडायची तयारी असलेल्याला ती पाच-सात वर्षांनी फळते.

स्वस्त पर्याय

आयटीआयमध्ये ‘फूड प्रॉडक्शन (जनरल)’ हा दहावीनंतरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. पुढे शिकाऊ उमेदवारी करता येते आणि तिचे विद्यावेतन मिळते. २००९-१० मध्ये पर्यटन मंत्रालयाने सुरू केलेली ‘हुनर से रोजगार तक’ ही आठवी उत्तीर्ण, १८ ते २८ वयाच्या मुलामुलींसाठी काही आठवड्यांच्या मोफत प्रशिक्षणाची योजना. आधीपासून काम करणाऱ्या आचाऱ्याला पूर्वानुभवाच्या चाचणीवर प्रमाणपत्र मिळवता येते. कॉमीच्या पहिल्या पायरीला यातले काहीही चालते.

पदवीच घ्यायची ठरली, तर कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची मुले गाठावीत. ट्रेनिंगला कुठे पाठवले, आणि तिथे कांद्यापुढे काय करायला मिळाले, हे ती सांगतात.