जुडा बेंजामिन

जुडा फिलिप बेंजामिन (१८११–१८८४) हा अमेरिकन वकील आणि राजकारणी. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर एका ज्यू कुटुंबात जन्म, बालपण चार्ल्सटनमध्ये. चौदाव्या वर्षी येलला गेला पण १८२७ मध्ये डिग्री न घेताच बाहेर पडला, मग न्यू ऑर्लिन्स गाठलं आणि १८३२ ला वकिलीची सनद मिळवली.

त्याची गाजलेली केस म्हणजे ‘क्रिओल’ जहाजाची. १८४१ मध्ये या जहाजावरच्या गुलामांनी बंड करून जहाज ब्रिटिशांच्या नासाउ बंदरात नेलं आणि तिथे ते मोकळे झाले, मालकांनी मग इन्शुरन्सचे पैसे मागितले. बेंजामिन इन्शुरन्स कंपन्यांकडून उभा राहिला आणि म्हणाला की गुलाम हाही माणूसच आहे, त्यालाही राग येतो, स्वातंत्र्य हवं असतं, मग बंड झालं तर नवल काय? कंपन्या जिंकल्या. पण हे बोलणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या बेलशास नावाच्या उसाच्या मळ्यावर पुढे १४० च्या आसपास गुलाम राबत होते, तेव्हा हा युक्तिवाद अशिलापुरताच होता म्हणायचं.

१८५३ पासून लुईझियानाचा सिनेटर. त्याच सुमारास सुप्रीम कोर्टाचं जजपद देऊ केलं होतं, ते त्याने नाकारलं. १८६१ ला दक्षिणेतली राज्यं अमेरिकेतून फुटली आणि यादवी युद्ध पेटलं, तेव्हा तो या फुटीर राज्यांच्या कॉन्फेडरेट सरकारात ॲटर्नी जनरल, नंतर युद्धमंत्री, शेवटी परराष्ट्रमंत्री झाला. युद्धमंत्री असताना नॉर्थ कॅरोलिनाचं रोनोक बेट उत्तरेच्या सैन्याने घेतलं तेव्हा सगळ्या शिव्या यानेच खाल्ल्या, खरं तर तिथे पाठवायला शस्त्रंच नव्हती पण ते शत्रूला कळू नये म्हणून गप्प बसला.

१८६५ मध्ये दक्षिणेची हार झाल्यावर वेश बदलून फ्लोरिडामार्गे पळाला. वाटेत स्पंज भरलेली बोट बुडाली, कारण ओला स्पंज फुगून बोटच फुटली! तरी इंग्लंडला पोचला, आणि पन्नाशी उलटलेली असताना पोरांसोबत पुन्हा लॉ शिकायला बसला आणि १८६६ ला बॅरिस्टर झाला. १८६८ मध्ये त्याने मालविक्रीच्या कायद्यावर ग्रंथ लिहिला. आपला १९३० चा मालविक्री कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला, त्यामुळे इकडच्या वकिलांनाही ‘बेंजामिन’ म्हटलं की आधी ते पुस्तकच आठवतं.

त्याने आपली खाजगी कागदपत्रं जाळून टाकली, त्यामुळे चरित्रकारांची पंचाईत झालीय. पॅरिसला वारला. तिथल्या पेर लाशेझ कब्रस्तानातल्या दगडावर १९३८ पर्यंत फक्त ‘फिलिप बेंजामिन’ एवढंच होतं.