ताशी 170 किलोमीटरचा चेंडू आणि खांद्याचा ताण

3 सप्टेंबर 2024 रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे बेसबॉलच्या सामन्यात लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध खेळताना एंजल्स संघाच्या बेन जॉइसने टॉमी एडमनला एक चेंडू टाकला. एडमनने बॅट फिरवली, पण ती हवेतच फिरली आणि तो बाद झाला. पाठीमागच्या फलकावर आकडा उमटला तो ताशी 105.5 मैल, म्हणजे जवळजवळ 170 किलोमीटर. जॉइस तेव्हा 23 वर्षांचा होता. तो रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या उत्तरार्धात येऊन बहुधा एकच डाव सांभाळणारा बेसबॉलचा गोलंदाज. पंधरा-वीस चेंडूंपुरतेच काम असल्यामुळे असा पिचर हातचे काही राखून टाकत नाही. 2008 पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, प्रत्येक चेंडूची यांत्रिक नोंद होते. फलंदाजाला बाद करणारा यापेक्षा वेगवान चेंडू त्या नोंदीत तोवर नव्हता.

फलंदाज बाद झाला असो वा नसो, अशा सर्व चेंडूंच्या यादीत मात्र त्याच्या वर नाव होते ते आरोल्डिस चॅपमनचे. हा क्यूबन डावखुरा पिचर 24 सप्टेंबर 2010 रोजी सॅन डिएगोत सिनसिनाटी रेड्सकडून खेळत होता, तेव्हा तो 22 वर्षांचा होता आणि तोही रिलीफ पिचरच होता. त्या दिवशी त्याच्या चेंडूचा वेग 105.1 मैल सांगितला गेला. आज तोच चेंडू 105.8 मैलांचा म्हणून नोंदलेला आहे. यात लबाडी काही नाही. पूर्वी वेग होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटीपासून, 50 फुटांवर मोजलेला धरत, आता तो हातातून सुटतानाचा धरतात, आणि या थोड्याशा अंतरातही हवेचा विरोध आपले काम करतो. प्लेटपर्यंत पोहोचेतो चेंडू आपला आठ-नऊ टक्के वेग गमावतो. निरनिराळ्या काळांतले विक्रम एकाच यादीत मांडणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवलेली बरी.

मराठी वाचकाला येथे शोएब अख्तर आठवणे साहजिक आहे. 2003 च्या विश्वचषकात केपटाउनला इंग्लंडविरुद्ध त्याने टाकलेला चेंडू ताशी 161.3 किलोमीटरचा होता. शोएब लांबून धावत येऊन चेंडू टाकी. पिचर मात्र माउंडवर, म्हणजे मातीच्या बुटक्या उंचवट्यावर, जागच्या जागी उभा राहून एक पाऊल पुढे टाकतो आणि तरीही आठ-नऊ किलोमीटरने पुढे जातो. यावर नेहमीचे उत्तर असे की, त्यांचे दंडच तसे पिळदार असतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे पाहणे मला त्या आकड्यापेक्षा अधिक रंजक वाटते.

वाचकांनी एक छोटा प्रयोग करून पाहावा. उजवा दंड खांद्याच्या रेषेत बाजूला आडवा धरावा आणि कोपर काटकोनात वाकवून पंजा सरळ आकाशाकडे न्यावा. आता दंड न हलवता पंजा मागे झुकवत न्यावा. बहुतेकांचा हात उभ्या रेषेच्या थोडासा मागे जाऊन अडतो. हे होत असताना दंडाचे हाड आपल्याच लांबीच्या अक्षाभोवती वळत असते. वेगवान पिचरच्या चेंडूफेकीचे सावकाश चित्रण पाहिले, तर एका क्षणी त्याचा कोपरापुढचा हात जवळजवळ जमिनीला समांतर होऊन पाठीमागे पडलेला दिसतो. पंजा समोर आडवा असताना शून्य धरले, तर हा कोन 170 ते 180 अंशांच्या घरात असतो. त्यात पाठीच्या कमानीचा आणि खांद्याच्या फऱ्याचाही वाटा असतो, तरीही खांद्याचे वळण विलक्षण असते.

तेथवर हात जातो तो स्नायूंनी मागे ओढला म्हणून नव्हे, तर तो मागे राहतो म्हणून. पुढचा पाय जमिनीवर टेकतो, आधी कंबर फलंदाजाकडे वळते, तिच्यामागून छाती वळते, आणि या झटक्यात वाकलेला हात व त्यातला चेंडू जडत्वामुळे मागेच रेंगाळतो. खांद्यावरून जाणारे स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) या ओढाताणीत ताणले जातात, आणि पाय व धड यांनी केलेले कार्य बेचकीच्या रबरासारखे त्यांच्यात साठते. नील रोच, डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन खेळाडूंना पट्टे बांधून, शरीराच्या एकेका भागाची हालचाल मर्यादित करून हे तपासले व 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. दंड पुढे वळवण्यासाठी होणाऱ्या कार्यापैकी निम्म्याहून अधिक भाग या साठलेल्या ऊर्जेतून येतो, असे त्यांना आढळले. आपल्यापेक्षा कितीतरी बलवान असलेला चिंपांझी ताशी 30 किलोमीटरच्या आसपासच फेकू शकतो, कारण त्याच्या खांद्याची आणि कंबरेची ठेवण ही साठवण होऊ देत नाही.

आता थोडे गणित. साठलेली ऊर्जा सुटते तेव्हा दंड सेकंदाला सुमारे 7000 अंश या गतीने पुढे वळतो. हा वेग सेकंदभर टिकला असता, तर वीसच्या आसपास फेऱ्या झाल्या असत्या. प्रत्यक्षात सारा खेळ सेकंदाच्या काही शतांशांत आटोपतो. 7000 अंश म्हणजे, कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात, सुमारे 122 रेडियन. वाकलेल्या कोपरापासून चेंडूपर्यंतचे अंतर 0.35 मीटर धरले, तर गुणाकार येतो सेकंदाला 43 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 154 किलोमीटर. हा हिशेब ढोबळ आहे, कारण चेंडू सुटेपर्यंत कोपर बराचसा सरळ झालेला असतो आणि मनगट व धड यांचीही भर पडत असते. पण मुख्य वाटा कोणाचा, हे त्यावरून कळते. क्रिकेटच्या गोलंदाजाला हीच तरफ वापरता येत नाही. हात सरळ असेल, तर दंड स्वतःभोवती कितीही फिरला तरी चेंडू अक्षावरच राहतो आणि त्याला वेग मिळत नाही. आणि कोपर 15 अंशांपेक्षा अधिक सरळ करण्यास नियमांची मनाई आहे. शोएबने 161 किलोमीटर गाठले ते धाव, ताठ पुढचा पाय आणि धडाची झेप यांच्या बळावर, आणि तेही बेसबॉलपेक्षा काहीसा जड चेंडू घेऊन. या दोन आकड्यांची शर्यत लावण्यात मुळातच अर्थ नाही.

लहानपणापासून फेकणाऱ्या मुलांच्या दंडाच्या हाडाचा पीळही निराळा राहतो. जन्मतः असलेला हा पीळ वयानुसार बदलत जातो. फेकणाऱ्या हातात हा बदल कमी होतो, त्यामुळे हात अधिक मागे जातो. हाडे जुळून गेल्यावर हे साधत नाही, म्हणून मोठ्या वयात काही आठवड्यांत वेग वाढवून देण्याच्या जाहिराती जपूनच वाचाव्यात. काही वर्षांपूर्वी मेजर लीगचे अनेक खेळाडू गळ्यात टायटॅनियमयुक्त दोरे घालत, शरीरातील ऊर्जाप्रवाह सुधारतो म्हणून. आपल्याकडच्या चुंबकाच्या कड्यांचेच ते महागडे भावंड म्हणायचे.

या यंत्रणेतला कच्चा दुवा खांद्यापेक्षाही कोपराच्या आतल्या बाजूला असतो. दंड पुढे वळू लागतो तेव्हा मागे पडलेला हात कोपर आतून उघडू पाहतो. हे आघूर्ण, म्हणजे वळवू पाहणारा जोर, 64 न्यूटन-मीटरच्या आसपास मोजले गेले आहे, तर मृतदेहांवरील चाचण्यांत तेथला अस्थिबंध 32 न्यूटन-मीटरच्या सुमारास तुटतो. उरलेला भार हाताचे स्नायू उचलतात आणि ते थकले की अस्थिबंध उघडा पडतो. 25 सप्टेंबर 1974 रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हातातील कंडरा बसवला, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. गंमत अशी की, जॉन काही वेगासाठी प्रसिद्ध नव्हता. तो त्यानंतर 1989 पर्यंत खेळला.

मेजर लीगमधील सरासरी फास्टबॉल, म्हणजे पूर्ण वेगाने टाकलेला चेंडू, 2008 मध्ये 91.3 मैलांचा होता, तो 2024 मध्ये 94.2 मैलांवर गेला. पिचरांच्या दुखापतींवरील डिसेंबर 2024 च्या अहवालात खुद्द लीगनेच वेगाच्या या हव्यासाकडे बोट दाखवले. जॉइसच्या कोपरावर 2020 मध्ये, महाविद्यालयात असतानाच, हीच शस्त्रक्रिया झाली होती आणि 2025 मध्ये त्याच्या खांद्यावरही शस्त्रक्रिया करावी लागली. चॅपमनवर मात्र कोपराच्या अस्थिबंधाची ही शस्त्रक्रिया कधी करावी लागली नाही, आणि 2025 मध्ये, 37 व्या वर्षी, तो बोस्टनकडून खेळताना अजूनही शंभर मैलांच्या पलीकडे चेंडू टाकत होता.